ज्यूदोचा जनक : एक शिक्षक

२०२२ साली अखिल जपान ज्यूदो महासंघाने प्राथमिक शाळेतील मुलांची राष्ट्रीय वैयक्तिक स्पर्धा बंद केली. विजयाच्या हव्यासापायी कोवळ्या मुलांना वजन घटवावयास लावले जाते, पालक आणि प्रशिक्षक पंचांवर ओरडतात, अशी कारणे त्यामागे होती. ज्यूदोच्या मायभूमीत असे घडावे याचे अनेकांस नवल वाटेल. पण या विद्येचे जनक जिगोरो कानो हे पेशाने शिक्षक होते, याचे स्मरण ठेवले तर ते वाटू नये.

१८६० साली जन्मलेले कानो देहयष्टीने किरकोळ. शाळेतील दांडग्या मुलांचा जाच सोसलेले. जुजुत्सु ही सामुराईंची निःशस्त्र द्वंद्वविद्या शिकावी असे त्यांना वाटू लागले, तेव्हा त्या विद्येचे दिवस फिरले होते. १८६८ च्या मेइजी सत्तांतरानंतर सामुराईंचे विशेषाधिकार गेले, १८७६ मध्ये तलवार बाळगण्यावरही बंदी आली. जुजुत्सुचे कित्येक जाणकार हाडवैद्यकीवर गुजराण करीत. तरुण कानोंनी गुरूचा शोध घेतला तो अशा हाडवैद्यांकडेच! पुढे १८८२ साली तोक्योतील एइशोजी मंदिरात, बारा चटयांच्या खोलीत आणि अवघ्या नऊ शिष्यांसह, त्यांनी कोदोकान ही संस्था स्थापिली.

‘जुत्सु’ म्हणजे कसब, ‘दो’ म्हणजे मार्ग. नावातील हा बदल केवळ शाब्दिक नव्हता. घातक डाव त्यांनी मुक्त सरावातून वगळले आणि तोल ढळविण्याच्या तंत्रास मध्यवर्ती स्थान दिले. ते सांगत, प्रतिपक्षाचे बळ दहा आणि आपले सात असता विरोध केला तर पराभव ठरलेला. पण त्याच्या रेट्यापुढे किंचित मागे सरले की तो स्वतःच पुढे झुकतो, आणि त्या क्षणी त्याचे बळ तीनच उरते. शक्तीचा सर्वोत्तम विनियोग आणि परस्परांचे कल्याण ही त्यांची दोन सूत्रे. दुसरे सूत्र आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही. वस्तुतः जोडीदार विश्वासाने आपला देह स्वाधीन करतो म्हणूनच सराव शक्य होतो. त्याला जायबंदी करणारा स्वतःचेच शिक्षण थांबवितो.

कानो दोन दशकांहून अधिक काळ तोक्योच्या उच्च अध्यापक विद्यालयाचे प्राचार्य होते. १९०९ मध्ये ते आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे पहिले आशियाई सदस्य झाले. तथापि ज्यूदोला ऑलिंपिकमध्ये नेण्याविषयी ते उदासीनच राहिले. १९३८ मध्ये कैरोच्या बैठकीहून परतताना बोटीवरच त्यांचे निधन झाले. पुढे १९६४ च्या तोक्यो ऑलिंपिकमध्ये ज्यूदो आला. चारपैकी तीन सुवर्णपदके जपानने जिंकली; परंतु खुल्या गटात हॉलंडच्या धिप्पाड आंतोन खेसिंकने आकिओ कामिनागाला नमविले, आणि लक्षात राहिला तो हाच पराभव. राष्ट्रीय प्रतिष्ठा एकदा पदकांवर मोजली जाऊ लागली, की तिचा भार शाळकरी मुलांच्या खांद्यांवर यावयास वेळ लागत नाही.

या भाराची किंमत थोडीथोडकी नाही. १९८३ पासूनच्या सुमारे तीस वर्षांत जपानी शाळांमधील ज्यूदोत शंभराहून अधिक मुले दगावली. बहुतेकांच्या मृत्यूचे कारण डोक्याची दुखापत हे होते. त्यांत नवशिके पुष्कळ होते, इजा न होता पडावे कसे हे अद्याप पुरते न शिकलेले. वास्तविक पडण्याचा हा धडा कोदोकानच्या परंपरेत सर्वांत आधीचा आहे.