एक आज्ञा, दोन अर्थ

भोसरी, पिंपरी-चिंचवड आणि चाकण या पट्ट्यांत मोटारींच्या मोठ्या कारखान्यांच्या आश्रयानें असंख्य लहान कारखाने उभे आहेत. पत्र्याची एक शेड, दोन-चार सीएनसी यंत्रें, एक सेटर, कांहीं ऑपरेटर आणि बाहेरून आलेलें जॉबवर्क, एवढाच त्यांचा संसार. या संसारांत एक अडचण मात्र नित्याची असते. एका यंत्रासाठीं लिहिलेला प्रोग्राम शेजारच्या यंत्रावर जसाच्या तसा चालेलच, असा भरंवसा नसतो.

असें कां व्हावें? सीएनसी यंत्र हें अंकांच्या आज्ञेनें चालतें. अंकांनीं चालणारें मिलिंग यंत्र अमेरिकेंतील एमआयटी या संस्थेनें १९५२ सालीं लोकांना चालवून दाखविलें. पुढें या आज्ञांना वळण लागावें म्हणून मानकें ठरलीं. १९८२ सालचें आयएसओ ६९८३ हें त्यांपैकीं प्रमुख होय. ‘जी ०१’ म्हणजे सरळ रेषेंत कापीत जाणें, ‘जी ०२’ म्हणजे घड्याळाच्या कांट्याप्रमाणें वळणें, एवढें बहुतेकांना मान्य झालें. परंतु मानकानें जेथें जागा मोकळी सोडली, तेथें प्रत्येक कंट्रोलर बनविणाऱ्यानें आपली बोली रूढ केली. जपानच्या फानुकची एक, तर जर्मनीच्या सीमेन्सची दुसरी.

एकच उदाहरण पाहावें. ‘एक्स १०’ ही आज्ञा दशांशचिन्हावांचून दिली, तर फानुकच्या पुष्कळ यंत्रांवर तिचा अर्थ दहा मायक्रॉन होतो. सीमेन्सवर तिचाच अर्थ दहा मिलिमीटर. एक टिंब राहिलें कीं अंतर हजारपट बदलतें! क्षणभर थांबण्याची आज्ञा दोहोंकडे ‘जी ०४’ हीच. पण फानुकवर ‘पी’ अक्षरापुढें मिलिसेकंद, तर सीमेन्सवर ‘एफ’ अक्षरापुढें सेकंद लिहावे लागतात. अशा चुकीनें जॉब वायां जातो, टूल मोडतें, आणि वेळप्रसंगीं ज्या यंत्राचे हप्ते अद्याप फिटलेले नाहींत त्याचा स्पिंडलच बिघडतो.

भ्रमणध्वनीच्या जगांतही हाच न्याय आहे. अँड्रॉइडसाठीं रचलेला ॲप आयफोनवर चालत नाहीं. काम दोनदां करावें लागतें. हात एका पद्धतीला सरावले कीं गिऱ्हाईक सहसा दुसऱ्या दारीं जात नाहीं. म्हणून एकी करण्याची निकड विकणाऱ्यापेक्षां वापरणाऱ्यालाच अधिक भासते.

यावर उपाय अगदींच नाहींत असें नव्हे. संगणकावर कापण्याचा मार्ग एकदां आंखून पोस्ट प्रोसेसर नांवाच्या दुभाष्याकडून तो ज्या त्या कंट्रोलरच्या बोलींत उतरवितां येतो. मात्र दुभाषा त्या यंत्राला नेमका जुळलेला हवा. सीमेन्सनें आपल्या कंट्रोलरांत फानुकसारख्या आज्ञा समजण्याचीही सोय ठेविली आहे. हत्यार कसें हालवावें याऐवजीं काय घडवावयाचें तेंच सांगणारें आयएसओ १४६४९ हें मानक २००३ पासून प्रसिद्ध होऊं लागलें. पण जुन्या आज्ञांची जागा त्याला घेतां आलेली नाहीं.

म्हणून अनुभवी सेटर नवा प्रोग्राम आधीं जॉबावांचून हवेंत फिरवून पाहतो, मग वेग उतरवून एकेक ओळ चालवितो, आणि हात थांबविण्याच्या बटणापासून दूर नेत नाहीं. यंत्रें एका भाषेवर येईपर्यंत त्यांच्यामधील खरा दुभाषी तोच आहे.