बोटाखालची बाराखडी

बोलता न येणे आणि सांगण्यासारखे काही नसणे, या दोन गोष्टी अगदी वेगळ्या. पण हे पाहुण्यांना कोणी समजवावे? सेरेब्रल पाल्सीमुळे माझ्या १९ वर्षांच्या भाच्याचे उच्चार फक्त ताईला कळतात, आणि हातही कापतात. मोबाईल हीच त्याची वाणी.

मध्यंतरी त्याला दुखत होते. डॉक्टरांनी विचारले, "कुठे?" तो ‘बरगडी’ लिहू लागला. ‘बर’ एवढे उमटताच डॉक्टर म्हणाले, "बरं आहे ना? छान!" आणि पुढचा रोगी आत बोलावला. ताईने दार अडवले म्हणून बरगडी तपासली गेली!

मोबाईलच्या कळा हरभऱ्याएवढ्या. कापरे बोट एकीवर जावे, तर उमटते शेजारची. त्यात आपली लिपी! इंग्रजीची २६ अक्षरे. आपल्याकडे स्वर, व्यंजने, काना, मात्रा, वेलांट्या, शिवाय पाय मोडण्याची खूण. एकेक खूण सुटी दाबली, तर ‘प्रकृती’ला सात वेळा बोट टेकावे लागते.

मुंबईच्या आय.आय.टी.त तयार झालेला ‘स्वरचक्र’ कीबोर्ड मोठा कल्पक. व्यंजनावर बोट ठेवताच भोवती स्वर उमलतात. बोट सरकवले की ‘क’चा ‘की’ होतो. पण बेताने सरकवणे हेच ज्याला जमत नाही, त्याने काय करावे? चित्रावर बोट ठेवताच शब्द बोलणारी ॲपही आहेत. लहानांना ती उत्तम. परंतु "मला त्या लग्नाला यायचे नाही," याचे चित्र कोण काढणार?

स्टीफन हॉकिंग यांचा आवाज १९८५ साली गेला. पुढे गालाच्या हालचालीवर ते लिहीत, आणि त्यासाठी इंटेलचे इंजिनियर राबले. २०१६ च्या आपल्या अपंग हक्क कायद्यातही संवादाच्या व्याख्येत अशी पर्यायी साधने आहेत. तथापि मोठ्या कळा, चुकार स्पर्श गाळण्याची सोय, शब्द सुचवणे आणि मराठी आवाज, हे सारे एकत्र देणारा कीबोर्ड आम्हांला अजून गवसलेला नाही. बोट क्षणभर टेकून राहिल्याशिवाय अक्षर उमटू नये, अशी व्यवस्था ताईने फोनच्या सेटिंगमध्ये केली आहे. चुका घटल्या, पण वेगही घटला.

वाचकहो, आपल्या घरोघरी सॉफ्टवेअरवाली मुले आहेत. कोणी मनावर घेतलेच, तर नवा कीबोर्ड तपासायला भाचा तयार आहे. फी दोन बटाटेवडे. हे त्याने स्वतः लिहून दिले आहे.