चाळिशीनंतर फुगडी का सुटते?

चतुर्थीच्या दिवसांत रात्रीची आरती आटोपली की गोव्यातील वाड्यावाड्यांवर फुगडीचे रिंगण धरले जाते. शाळकरी मुली आणि नव्या सुना त्यात असतातच, साठी ओलांडलेल्या एखाद्या आजीही हौसेने दोन फेर घेऊन जातात. मधल्या वयाच्या बायका मात्र पुष्कळदा भिंतीला टेकून टाळ्या वाजवताना दिसतात. कारण विचारले तर ‘गुडघे दुखतात’, ‘पहाटेपासून उभीच आहे’, ‘आता काय आमचे वय राहिले?’ अशी उत्तरे मिळतात. ती खोटी नसतात, पण अनेकदा अपुरी असतात. पंचेचाळिशीच्या आसपासची स्त्री उडी मारायचे टाळते, तेव्हा त्यामागे चारचौघींत न उच्चारले जाणारे एखादे कारण असू शकते. खोकताना, हसताना, उडी मारताना लघवीचा थेंब निसटतो. पाळी कधी येईल आणि किती जाईल याचा भरवसा उरलेला नसतो. किंवा पूर्वी ज्या श्रमाने काही वाटत नसे, त्याच श्रमाने आता धाप लागते.

या प्रत्येक तक्रारीला शरीरशास्त्रात स्पष्ट कारण आहे आणि बहुतेकींवर उपाय आहेत. तरीही त्या डॉक्टरांपर्यंत पोहोचत नाहीत. स्वयंपाकात किंवा नोकरीत अडथळा आला तर गोळी आणली जाते. छंदात अडथळा आला तर छंदच सोडून दिला जातो. घराचे त्यावाचून काही अडत नाही, म्हणून कोणाच्या ते लक्षातही येत नाही.

रजोनिवृत्ती एका दिवसात येत नाही. सलग बारा महिने पाळी आली नाही, तर ती थांबली असे वैद्यक मानते. भारतीय स्त्रियांत हे सरासरी ४६ ते ४७ व्या वर्षी घडते. पाश्चात्त्य देशांत हे वय ५१ च्या आसपास आहे. पण त्याआधीची काही वर्षे संक्रमणाची असतात आणि खरा त्रास बहुधा त्याच काळात होतो. बीजकोशांतील बीजे संपत आलेली असतात, त्यामुळे इस्ट्रोजेन या संप्रेरकाची पातळी सरळ उतरत न जाता कधी उसळते, कधी कोसळते. ज्या महिन्यात बीज बाहेर पडत नाही त्या महिन्यात प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही, गर्भाशयाचे अस्तर जाड होत जाते आणि पुढची पाळी अंगावरून भरभरून जाते. म्हणजे चाळिशीच्या पूर्वार्धात सुरू झालेली चिडचिड, तुटक झोप आणि अनियमित पाळी ही एकाच बदलाची निरनिराळी रूपे असू शकतात. याच सुमारास मुले दहावी-बारावीला असतात आणि घरातील वडीलधारी मंडळी आजारी पडू लागतात. त्यामुळे सगळा दोष ‘ताणा’वर टाकला जातो. ताण खराच असतो; पण तो एकटा नसतो.

लघवी निसटण्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते, म्हणून ते थोडे सविस्तर पाहणे बरे. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना खालून तोलून धरणारा स्नायूंचा एक झोळीसारखा थर ओटीपोटाच्या तळाशी असतो. बाळंतपणात तो ताणला जातो. पुढे वाढते वजन, जुनी बद्धकोष्ठता, सततचा खोकला यांनी त्यावर भार पडत राहतो आणि इस्ट्रोजेन घटल्यावर तेथील ऊती पातळ होतात. शिंकताना किंवा उडी मारताना पोटातील दाब क्षणभर वाढतो आणि सैलावलेला हा थर तो पेलू शकत नाही. घडते ते एवढेच. यात लाजण्यासारखे काही नाही, आणि ‘दोन-तीन बाळंतपणांनंतर असे व्हायचेच’ म्हणून सोसत राहण्याचेही कारण नाही.

पहिला उपाय म्हणजे या स्नायूंचा व्यायाम. लघवी किंवा वायू रोखताना जे स्नायू आवळले जातात, तेच श्वास न रोखता काही सेकंद आवळून धरायचे आणि तितकाच वेळ सैल सोडायचे. एका वेळी किमान आठ आवळण्या, दिवसातून तीनदा, आणि निदान तीन महिने. आठवडाभरात गुण आला नाही म्हणून सोडून देणाऱ्याच अधिक असतात, त्यामुळे हा तीन महिन्यांचा हिशेब लक्षात ठेवावा लागतो: भाद्रपदातल्या फुगडीची तयारी ज्येष्ठात सुरू व्हायला हवी. भात शिजेपर्यंत उभ्याउभ्याही हा व्यायाम होतो, कोणाला कळतही नाही. मात्र लघवी करता करता मध्येच ती अडवून सराव करू नये. तेवढ्याने भागले नाही तर फिजिओथेरपिस्ट आणि स्त्रीरोगतज्ज्ञ यांच्याकडे पुढचे उपचार आहेत. लघवीला जळजळ होत असेल, रक्त दिसत असेल किंवा अंग बाहेर येत असल्यासारखे वाटत असेल, तर व्यायामाची वाट न पाहता तपासणी करून घ्यावी.

अतिरक्तस्रावाची गोष्ट अधिक गंभीर आहे, कारण त्याची किंमत रोज मोजावी लागते. दर एक-दोन तासांनी पॅड बदलावे लागणे, मोठ्या गाठी पडणे, सात दिवसांहून अधिक काळ पाळी राहणे, यांना ‘पाळी जाण्याची लक्षणे’ म्हणून गप्प बसू नये. गर्भाशयातील फायब्रॉइडच्या गाठी, थायरॉइडचा बिघाड, क्वचित अस्तराचा कर्करोगही त्यामागे असू शकतो. पाळी थांबून वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसले, मग तो एकच डाग का असेना, तर तपासणी अपरिहार्य असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार गोव्यातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ३९ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. देशाच्या ५७ टक्क्यांपुढे हा आकडा बरा दिसतो. पण त्याआधीच्या सर्वेक्षणात तो ३१ टक्क्यांच्या आसपास होता, म्हणजे परिस्थिती सुधारलेली नाही. जिना चढताना लागणारी धाप, केस गळणे, दुपारी अंगात त्राण नसणे, यांचे मूळ अनेकदा या साध्या कमतरतेत सापडते. हिमोग्लोबिनची तपासणी कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. लोहाच्या गोळीबरोबर किंवा जेवणावर लगेच चहा घेतला तर लोह नीट शोषले जात नाही. ताटात लिंबाची फोड असेल तर त्याला मदत होते.

येथे एक सावधगिरीची सूचना करायला हवी. ‘मुले झाली, आता पिशवी काढून टाका’ हा सल्ला आपल्याकडे फार सहज दिला जातो आणि तितक्याच सहज ऐकला जातो. काही आजारांत ती शस्त्रक्रिया खरोखर लागते. पण अतिरक्तस्रावावर गोळ्यांपासून गर्भाशयात बसवायच्या संप्रेरकयुक्त साधनापर्यंत अनेक उपाय त्याआधी करून पाहता येतात. अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठीची मार्गदर्शक तत्त्वे राज्यांनी अमलात आणावीत, असे सर्वोच्च न्यायालयाला एप्रिल २०२३ मध्ये सांगावे लागले. यावरून या प्रश्नाची व्याप्ती लक्षात यावी. निर्णय तातडीचा नसेल तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्यात कोणाचा अवमान होत नाही.

अंगातून एकाएकी वाफा निघणे आणि रात्री घामाने जाग येणे, याचे कारण मेंदूत आहे. शरीराचे तापमान राखणारे केंद्र इस्ट्रोजेन घटल्यावर अतिसंवेदनशील होते आणि किंचित उष्णता वाढली तरी घाम सोडण्याचा हुकूम देते. गोव्याच्या दमट हवेत हा त्रास हवामानाच्या माथी मारला जातो आणि बाई रात्रीमागून रात्री अर्धवट झोपेत काढते. सुती कपडे, पंख्याखालची जागा, संध्याकाळनंतर चहा-कॉफीला फाटा, यांनी सौम्य त्रास आटोक्यात येतो. तीव्र त्रासावर संप्रेरक उपचार सर्वांत परिणामकारक मानले जातात. २००२ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासाच्या निष्कर्षांनंतर त्यांची जगभर धास्ती बसली. त्या अभ्यासातील स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, हा तपशील मागाहून पुरेसा चर्चिला गेला. आजचे मत असे, की साठीच्या आत किंवा पाळी थांबल्यापासून दहा वर्षांच्या आत, योग्य तपासणी करून सुरू केल्यास बहुतेक निरोगी स्त्रियांत फायदा धोक्याहून अधिक असतो. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या, रक्ताच्या गुठळ्या झालेल्या किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असलेल्या स्त्रियांसाठी मात्र हा मार्ग नव्हे. मैत्रिणीची गोळी आपण घेऊन पाहणे तर कदापि नव्हे.

आता हाडांकडे वळू. तेथे फुगडीचा संबंध थेट आहे. पाळी थांबल्यानंतरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत हाडांची झीज सर्वांत वेगाने होते. हाड ही जिवंत ऊती आहे. तिच्यावर भार आणि हलका आघात पडला की ती स्वतःला बळकट ठेवते. पोहणे हृदयाला उत्तम, पण शरीराचा भार पाण्याने उचललेला असल्यामुळे हाडांना त्याचा विशेष लाभ होत नाही. पायांनी जमिनीवर ठेका धरणारी फुगडी, किंवा पौषात मांडावर दोन रांगांनी समोरासमोर पुढे-मागे होत घातले जाणारे धालो, यांत शरीराचा भार पायांवर असतो, तोल सांभाळावा लागतो आणि गाणे म्हणताना श्वासही कसाला लागतो. व्यायामशाळेतल्या शिक्षकाला यात आणखी घालण्यासारखे फार थोडे सापडेल. अर्थात वर्षभर स्वस्थ बसून एका रात्रीत तासभर उड्या मारणे शहाणपणाचे नाही. गुडघ्यांची झीज किंवा हाडे ठिसूळ झाल्याचे निदान असेल तर संथ गोलाकार फेरच बरे.

आहारात कॅल्शियमसाठी महागड्या डब्यांची गरज नाही. शंभर ग्रॅम नाचण्यात सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, गाईच्या तेवढ्याच दुधाच्या जवळजवळ तिप्पट. आंबील, तीळ, दही, काट्यांसकट खाता येणारी बारीक मासळी, हे सगळे येथल्या स्वयंपाकघरात आहेच. प्रश्न असतो तो ते तिच्या ताटात किती उरते याचा.

साखरेविषयी गोव्याने विशेष जागरूक राहायला हवे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अभ्यासात मधुमेहाचे प्रमाण सर्वाधिक आढळले ते गोव्यात, २६.४ टक्के. पाळी थांबल्यावर चरबी कमरेभोवती साठू लागते, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल वाढते, आणि तोवर मिळणारे हृदयाचे संरक्षण ओसरते. स्त्रियांमध्ये हृदयविकाराचा झटका छातीतील कळेऐवजी जबडा किंवा पाठ दुखणे, मळमळ, दम लागणे, अनाकलनीय थकवा अशा रूपांतही येतो. ‘पित्त झाले असेल’ म्हणत सोडा पिऊन पडून राहण्यात मोलाचा वेळ जातो.

यावर एक हमखास युक्तिवाद येतो: दिवसभर घरात राबणाऱ्या बाईला वेगळा व्यायाम आणि विरंगुळा कशाला? राबण्याचे प्रमाण निर्विवाद आहे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देताना आढळल्या, तर घरकामात हात लावणारे पुरुष ८८ मिनिटे. पण ओट्याशी उभे राहणे आणि वाकून झाडणे यांत तेच तेच स्नायू थकतात. हृदयाची गती पुरेशी वाढत नाही आणि इतर स्नायू तसेच दुबळे राहतात. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सुचवते. २८९ मिनिटांतली वीस-पंचवीस मिनिटे दुसऱ्या कोणी उचलल्याखेरीज हा हिशेब बसत नाही, आणि तो बसवण्याची जबाबदारीही पुन्हा तिच्यावरच टाकली तर तो सल्ला न दिलेलाच बरा.

शिवाय सगळे काही हाडे आणि साखर यांसाठीच करायचे असे नाही. परसात अबोली फुलवणारी बाई कॅलरी मोजत नसते. पणजीच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयातून कादंबरी आणणारीला तिच्यातून काही मिळवायचे नसते. हल्ली कोणी लोणचे चांगले घातले किंवा गोधडी सुबक शिवली, की ‘विकायला सुरुवात का करत नाहीस?’ असे कौतुकाने विचारले जाते. ज्यांना कमाई हवी त्यांनी ती जरूर करावी. पण छंदाला धंद्याची पुरवणी जोडली की मागणी, वेळा आणि तक्रारी येतात, आणि उरलासुरला मोकळा तासही कामाच्या खात्यात जमा होतो.

महिला भजनी मंडळांनी या बाबतीत आपली वाट शोधली आहे. कला अकादमीच्या भजन स्पर्धेत महिलांच्या विभागासाठी गावोगावची पथके महिनोन्महिने सराव करतात आणि सरावाची वेळ ठरलेली असल्यामुळे घरालाही ती मान्य करावी लागते. ‘जमले तर जाईन’ म्हणणारीचे जाणे सहसा राहून जाते. ‘मंगळवारी चार वाजता सराव आहे’ म्हणणारी उंबरठा ओलांडते. पखवाजाच्या तालावर तासभर गाऊन झाल्यावर जी कुजबूज चालते, तीत कोणाची पाळी लांबली, कोणाला रात्री झोप नाही, कोणत्या डॉक्टरीणबाई नीट ऐकून घेतात, हेही निघते. कित्येकींची पहिली तपासणी अशाच एखाद्या मंगळवारी ठरते, आणि सोबतीला कोण जाणार तेही तिथेच ठरते.