शिलकी दिवस कोणाच्या खातीं?



घरदलाल म्हटला कीं किल्ल्यांचा जुडगा आणि गोड जीभ हीं दोनच हत्यारें लोकांच्या डोळ्यांसमोर येतात. तिसरें एक हत्यार आमच्या भिंतीवर टांगलेलें असतें. त्याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. तें म्हणजे पंचांगासह छापलेलें कॅलेंडर. माझी कचेरी गिरगांवांत आहे. ह्या भागांत आणि त्याच्या आसपास हिंदु, पारशी, मुसलमान, ख्रिस्ती असे सर्व धर्मांचे लोक राहतात. त्यामुळें माझ्याकडे येणाऱ्या गिऱ्हाइकाला किती खोल्यांचें घर हवें हें विचारण्याआधीं, तें केव्हां नको हें मी विचारून घेतों. भाद्रपदाच्या वद्य पक्षांत, म्हणजे पितृपक्षांत, जागा पाहावयास येणारा हिंदु माणूस क्वचितच भेटतो. तोच माणूस विजयादशमीच्या दिवशीं विसार देण्यासाठीं सकाळींच माझ्या दारांत उभा असतो. पंधरा दिवसांपूर्वीं जें घर त्याला पाहावेसेंही वाटत नव्हतें, तें आतां हातचें जाईल कीं काय, अशी त्याला भीति वाटत असते. घर तेंच, भिंती त्याच. फिरलेलें असतें तें केवळ कॅलेंडरचें पान.

ह्या साऱ्या विधिनिषेधांचें मूळ एका साध्या भागाकारांत आहे. सूर्याचें वर्ष सुमारें सव्वा तीनशें पासष्ट दिवसांचें, आणि चंद्राचे बारा महिने मिळून सुमारें ३५४ दिवस. हा भागाकार निःशेष जात नाहीं. दरवर्षीं सुमारें अकरा दिवसांची बाकी राहते. जगांतील बहुतेक कालगणना ह्या बाकीचें काय करावें एवढ्याच प्रश्नाचीं निरनिराळीं उत्तरें आहेत. आमच्या धंद्यांत असें शिकवितात कीं, व्यवहार फिसकटतो तो मोठ्या रकमेवरून नव्हे, शिलकेवरून. दिवसांचेंही तसेंच आहे.

आम्हां हिंदूंनीं ही बाकी सांठवून ठेविली. सुमारें साडेबत्तीस महिन्यांनीं तिचा एक पुरता महिना होतो, तोच अधिक मास. एकोणीस वर्षांत असे सात महिने येतात. म्हणजे बारांच्या हिशेबानें २२८ व्हावयाचे ते २३५ महिने होतात. हा महिना मंगलकार्यांस वर्ज्य मानिला, परंतु तो वायां मात्र घालविला नाहीं. त्याला पुरुषोत्तमाचें नांव दिलें, आणि दानधर्म व जांवयाला अनारशांचें वाण ह्यांसाठीं तो राखून ठेविला. पारशी मंडळींनीं तीस तीस दिवसांचे बारा महिने धरिले आणि उरलेले पांच दिवस गाथांचे म्हणून वेगळे काढिले. मुक्तादांत, म्हणजे वर्षाच्या शेवटच्या दहा दिवसांत, ह्या पांच दिवसांचा समावेश होतो, आणि त्या काळांत पितरांचें स्मरण करितात. मुसलमानांनीं बाकी सांठविलीच नाहीं. त्यामुळें त्यांचे सण सर्व ऋतूंतून फिरत फिरत सुमारें ३३ वर्षांत मूळ जागीं येतात. त्यांतून एक गोड परिणाम निघतो. सांठविलेल्या संपत्तीचा चाळिसावा हिस्सा गरिबांना देण्याचा जो त्यांचा धर्म, म्हणजे जकात, तिचें वर्ष चांद्र असतें. म्हणून सूर्याच्या तेहतीस वर्षांत गरिबाच्या पदरीं हें दान चौतीस वेळां पडतें!

इंग्रजी गणनेंत राहते ती पाव दिवसाची बाकी. ती चार वर्षांनीं २९ फेब्रुवारीच्या रूपानें जमा होते. हा एकच शिलकी दिवस असा, कीं तो देवाच्या, पितरांच्या किंवा गरिबांच्या नांवें कोणीं लिहिला नाहीं. तो कोणाच्या खातीं पडतो, हें माझ्या वहींत मला दिसतें. घरभाडें इंग्रजी महिन्यानें ठरतें. समजा, भाडें १८,६०० रुपये आहे. मे महिन्यांत तें दिवसाला ६०० रुपये पडतें. २८ दिवसांच्या फेब्रुवारींत सुमारें ६६४ रुपये पडतें. २९ दिवसांच्या फेब्रुवारींत भाडेकरूला एक दिवस जास्त मिळतो खरा, पण ठराविक मासिक पगारावर राबणारा तोच भाडेकरू त्या दिवशीं फुकट राबतो. रकमा क्षुल्लक आहेत, ह्यांत शंका नाहीं. परंतु त्यांवरून एवढें ध्यानांत यावें कीं, तारखेची रेघ कोठें ओढावयाची हा प्रश्न ज्योतिष्यांपुरता नाहीं. ती रेघ कोणाच्या तरी खिशावरून जाते.

ही गोष्ट इंग्लंडनें एकदां फार चांगली ओळखिली होती. १७५२ सालीं त्या देशानें जुनी गणना सोडून नवी स्वीकारिली, तेव्हां २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशीं एकदम १४ सप्टेंबर आली. मधले अकरा दिवस कॅलेंडरांतून नाहींसे झाले. आतां ज्याचें भाडें सप्टेंबर-अखेरीच्या मायकेलमसच्या सणाला देणें होतें, त्यानें न राहिलेल्या अकरा दिवसांचें भाडें द्यावयाचें काय? कायदा करणाऱ्यांनीं हा प्रश्न आधींच सोडवून ठेविला होता. गणना बदलल्यामुळें कोणतेंही भाडें किंवा देणें लवकर वसूल करितां येणार नाहीं. पूर्वीच्या हिशेबानें जितके दिवस भरावयाचे, तितके भरल्यावरच तें देय होईल, असें त्यांनीं लिहून ठेविलें. तेथील प्राप्तिकराचें वर्ष अजूनही ६ एप्रिल ह्या चमत्कारिक तारखेला सुरू होतें, त्याचें मूळ ह्याच व्यवस्थेंत आहे. राजानें आकाशाशीं हिशेब जुळवावा, पण त्याचा भुर्दंड भाडेकरूवर टाकूं नये, असें तें तत्त्व आहे.

आतां आपल्या घरच्या अकराकडे वळूं. भाड्याचा करार अकराच महिन्यांचा कां, हा प्रश्न मला प्रत्येक नवा भाडेकरू विचारतो. बहुतेकांना वाटतें कीं हा कांहीं शुभाशुभाचा प्रकार असावा. वास्तविक त्याचें मूळ १९०८ च्या नोंदणीच्या कायद्यांत आहे. एक वर्षाहून अधिक मुदतीचा किंवा वर्षावारीचा भाडेपट्टा नोंदविलाच पाहिजे, असें त्या कायद्यानें सांगितलें. म्हणून नोंदणीचा खर्च व खटाटोप टाळण्यासाठीं लोकांनीं वर्षांतून एक महिना कापून टाकला. महाराष्ट्रांत मात्र ३१ मार्च २००० पासून अमलांत आलेल्या भाडेनियंत्रण कायद्याच्या ५५ व्या कलमानें भाड्याचा किंवा लीव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार, मग तो कितीही मुदतीचा असो, लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची, असें ठरविलें. म्हणजे अकराचें कारण गेलें. अकरा मात्र राहिले! आकाशांतील अकरा दिवस निसर्गाचे आहेत, इंग्लंडचे अकरा दिवस राज्यकर्त्यांचे होते. हे अकरा महिने केवळ आमच्या संवयीचे आहेत. आणि ह्या संवयीमुळें मुंबईंतील कित्येक कुटुंबें दरवर्षीं एक महिना आधींच्या तारखेला बिऱ्हाड उचलण्याच्या चिंतेंत पडतात.

ह्याचा खरा अर्थ मला २०१८ सालीं समजला. एका शिक्षिकेच्या कुटुंबाचा करार ३१ मे रोजीं संपत होता. घरांत सासूबाई आणि दोन शाळकरी मुलें. त्याच वाडींत पलीकडच्या इमारतींत दुसरी जागा मींच मिळवून दिली होती. पण त्या वर्षीं १६ मे ते १३ जून हा अधिक ज्येष्ठ. सासूबाई म्हणाल्या, "धोंड्याच्या महिन्यांत मी नव्या उंबऱ्याच्या आंत पाऊल टाकणार नाहीं." घरमालक म्हणाले, "करारांत तारीख आहे." मुदतीनंतर जागा न सोडल्यास दुपटीनें नुकसानभरपाई द्यावी लागते, हें कायद्याचें कलमही त्यांनीं दाखविलें, आणि तें खरें होतें. मीही म्हणालों, "आजी, करार तो करार." दोन्हीं बाजूंची दलाली तोंवर माझ्या खिशांत पडली होती.

पुढें जें झालें त्यांत माझा हात नव्हता. वाडींतील गणेशोत्सव मंडळाची एक खोली आहे. तींत मखर, समया आणि सतरंज्या ठेवितात. मंडळाच्या तरुणांनीं ती एका दुपारीं रिकामी केली आणि ह्या बिऱ्हाडाचें सारें सामान तेथें रचलें. आजी एका शेजाऱ्याकडे, मायलेकरें दुसऱ्याकडे, असे ते चौदा दिवस निघाले. १४ जूनला सकाळीं आजींनीं नव्या उंबऱ्यावर हळदकुंकू वाहिलें. वर्गणीच्या पावतीवर ह्या कार्याचा कोठेंही उल्लेख नव्हता. तरी गिरगांवांत केशवजी नाईकांच्या चाळींत १८९३ पासून जो सार्वजनिक उत्सव चालत आला, त्याचा हेतु लोकांनीं एकत्र यावें हाच ना? मला त्या खोलींत तो हेतु प्रथमच उघड्या डोळ्यांनीं दिसला.

पुढें मीं एका वृद्ध पुरोहितांना विचारलें. ते म्हणाले, "वर्ज्य आहे ती नव्या वास्तूची शांत आणि समारंभाचा गृहप्रवेश, निरुपायानें भाड्याच्या जागेंत राहावयास जाण्याला बाध नाहीं." हा खुलासा मी आतां गिऱ्हाइकांना सांगतों. पण ज्याची श्रद्धा तेवढ्यानें मानीत नाहीं, त्याच्याशीं वाद घालीत नाहीं. त्यापेक्षां कराराची तारीख बदलणें सोपें असतें.

माझ्या व्यवसायबंधूंना आणि घरमालकांना ह्यावरून तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, करार करतांना शेवटची तारीख कोठें पडते हें पंचांगांत आणि शाळेच्या वेळापत्रकांत पाहावें. २०२६ सालचा अधिक ज्येष्ठही १७ मे ते १५ जून असाच, म्हणजे नेमका बिऱ्हाडें बदलण्याच्या हंगामांत येतो. दुसरी, नोंदणी करावीच लागते तर अकरा महिन्यांचा हट्ट कशाला? दोघांची संमति असल्यास दोन किंवा तीन वर्षांचा करार करावा. तिसरी, अडलेल्या कुटुंबाला पंधरवड्याची सवलत नेहमींच्याच दरानें देण्याचें कलम आधींच घालावें. कायद्यानें दुप्पट मागतां येतें, म्हणून तें मागितलेंच पाहिजे असें नाहीं.

घराचा प्रश्न एकेकट्यानें सुटत नाहीं, हें ह्याच शहरानें फार पूर्वीं ओळखिलें आहे. गांवदेवींतील सारस्वत सहकारी गृहसंस्था १९१५ सालीं स्थापन झाली, ती भाड्याच्या जाचाला कंटाळलेल्या मध्यम स्थितींतील लोकांनीं एकत्र येऊनच. सर्वांना तेवढें करितां येणार नाहीं. पण मंडळाची एक खोली पंधरा दिवस रिकामी करून देणें पुष्कळांना शक्य आहे.

मी स्वतः एक लहानसा नेम केला आहे. अधिक महिन्यांत अडलेल्या एका बिऱ्हाडाची दलाली मी घेत नाहीं. बत्तीस-तेहतीस महिन्यांतून एकदां येणारा हा नेम. त्यांत मोठेपणा नाहीं, आणि माझें त्यानें कांहीं बुडतही नाहीं. सूर्यचंद्रांचा भागाकार काल निःशेष गेला नाहीं आणि उद्यांही जाणार नाहीं. बाकी राहणारच. ती दुबळ्याच्या खातीं न टाकतां सर्वांनीं मिळून वांटून घ्यावी, एवढेंच माझें मागणें आहे.