हरणे व बिळे करणाऱ्या प्राण्यांपासून बागेचे संरक्षण

जंगल, माळरान किंवा डोंगरउतारालगतच्या परसबागा, फळबागा व रोपवाटिका यांचे हरणवर्गीय आणि बिळे करणाऱ्या प्राण्यांकडून होणारे नुकसान टाळण्यासाठी कुंपण, भूमिगत जाळी, खोडांभोवतीचे आवरण, झाडांची योग्य निवड आदी उपाय योजले जातात. उपाय ठरवण्यापूर्वी नुकसान कोणत्या प्राण्याने केले हे ओळखणे आवश्यक असते. कारण हरीण अडवणारे उंच कुंपण साळिंदराला अडवत नाही आणि साळिंदराला थोपवणारी बुटकी जाळी हरीण सहज ओलांडते.

महाराष्ट्रातील प्राणी

सह्याद्रीच्या रानात भेकर व सांबर, विदर्भातील जंगलांत चितळ, तर सोलापूर व अहिल्यानगरच्या कोरड्या माळरानावर काळवीट आढळते. काळवीट व नीलगाय (विदर्भात 'रोही') हे शास्त्रीयदृष्ट्या हरणे नसून कुरंग आहेत. तथापि बागेच्या दृष्टीने त्यांचा उपद्रव सारखाच असतो. बिळे करणाऱ्यांत साळिंदर (साळू, सायाळ), घूस व शेतातील उंदीर प्रमुख होत. ससा रोपे कुरतडतो, पण भारतीय ससा बीळ करत नाही.

नुकसानीच्या खुणा

हरणाच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. त्यामुळे ते पाला ओढून तोडते व फांदीचे टोक फाटलेले, चिंध्या झाल्यासारखे दिसते. ससा व उंदरासारखे कृंतक प्राणी मात्र सुरीने कापल्याप्रमाणे तिरका, स्वच्छ छेद घेतात. खोडाची साल काही उंचीवर घासलेली असेल, तर ते शिंगे घासणाऱ्या नराचे काम असते. साळिंदर रात्री हिंडते, कंदमुळे उकरते आणि बुंध्याजवळची साल रुंद दातांनी सोलते. साल सभोवार निघाल्यास पानांत तयार झालेले अन्न मुळांपर्यंत पोहोचत नाही व झाड वाळते. गळून पडलेले काटे हा त्याचा आणखी एक पुरावा. घुशीच्या बिळाच्या तोंडाशी मोकळ्या मातीचा ढीग असतो. चिचुंद्री अनेकदा उंदीर समजून मारली जाते; वास्तविक ती मुख्यतः कीटक खाते व रोपांना अपाय करत नाही.

कुंपण व जाळी

हरणांसाठी सुमारे २.४ मीटर उंचीचे कुंपण परिणामकारक मानले जाते. लहान बंदिस्त जागेत उडी मारण्यास हरीण कचरते, कारण पलीकडे उतरायला मोकळी जागा दिसत नाही. सागरगोटा, करवंद, घायपात व निवडुंग यांची जिवंत कुंपणे महाराष्ट्रात जुन्या काळापासून लावली जातात. परंतु त्यांच्या बुडाशी फटी राहत असल्याने बिळे करणाऱ्या प्राण्यांसाठी ती पुरेशी नसतात.

बिळे करणाऱ्यांसाठी जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी जाळी ४५ ते ६० सेंमी खोल पुरून तिचा खालचा भाग बाहेरच्या बाजूस काटकोनात वळवतात. प्राणी कुंपणालगतच उकरू लागतो व या आडव्या पट्टीपाशी अडतो. प्लॅस्टिकची जाळी व लाकूड तो कुरतडतो. उंदीर-घुशींसाठी जाळीचे छिद्र १.२५ सेंमीपेक्षा मोठे नसावे. एकेका झाडाभोवती जाळीचे नळकांडे बसवायचे झाल्यास ते खोडाला चिकटू न देता वाढीप्रमाणे सैल करावे लागते.

अन्य उपाय

कण्हेर, रुई यांसारख्या विषारी चिकाच्या आणि गवती चहासारख्या उग्र वासाच्या वनस्पती हरणे सहसा टाळतात. तथापि टंचाईच्या दिवसांत हा नियम टिकत नाही. बुजगावण्यांना व दिव्यांना प्राणी लवकरच सरावतात. उग्र वासाच्या फवारण्या पावसाने धुऊन जातात, म्हणून कोकणात पावसाळ्यात त्या वारंवार कराव्या लागतात. गव्हाणी घुबड व धामण हे उंदरांचे नैसर्गिक शत्रू असल्याने त्यांना अभय देणे बागेच्या हिताचे असते.

धोके व कायदा

कुंपणात थेट वीजवाहिनीतील प्रवाह सोडणे बेकायदेशीर व प्राणघातक असून त्यात माणसे व गुरेही दगावतात. सौर कुंपणाची रचना वेगळी असते: त्यातील यंत्र अतिशय अल्पकाळाचे झटके ठरावीक अंतराने देते, त्यामुळे प्राणी बिचकतो, मरत नाही. उंदरांसाठी वापरले जाणारे झिंक फॉस्फाईड पोटात गेल्यावर विषारी फॉस्फीन वायू तयार होतो व त्यावर विशिष्ट उतारा नाही. मुले व पाळीव प्राणी यांच्या वावरात ते ठेवणे धोक्याचे आहे.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये हरणे, काळवीट व साळिंदर संरक्षित आहेत. या कायद्यातील 'शिकार' या संज्ञेत ठार मारण्याबरोबरच पकडणे, फासे लावणे, विष घालणे आणि तसा प्रयत्न करणे यांचाही समावेश होतो. हरणांसारख्या काही वन्य प्राण्यांनी केलेल्या पीकनुकसानीबद्दल राज्यात वन विभागामार्फत भरपाईची तरतूद आहे. त्यासाठी पंचनामा होईपर्यंत खुणा जपून ठेवणे उपयुक्त ठरते.