निर्णय रुग्णाचा, भाषाही रुग्णाची

शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाने संमतिपत्रावर सही करावयाची किंवा अंगठा उठवावयाचा, ही पद्धत सर्वत्र रूढ आहे. परंतु त्या कागदावरील मजकूर रुग्णास उमगला काय, याची विचारपूस क्वचितच होते. उपचाराचे स्वरूप, त्यातील धोके व उपलब्ध पर्याय यांची पुरेशी माहिती मिळाल्यावर दिलेली संमती हीच खरी संमती होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजीच्या निकालात स्पष्ट केले आहे. ही माहिती सुबोध भाषेत कशी द्यावी, हा त्यापुढील प्रश्न होय.

दोन मार्ग, एक निवड

स्तनाच्या कर्करोगाचे उदाहरण बोलके आहे. इटलीतील मिलान येथे १९७३ ते १९८० या काळात लहान गाठ असलेल्या ७०१ स्त्रियांचे दोन गट करण्यात आले. एका गटात संपूर्ण स्तन काढण्यात आला. दुसऱ्या गटात गाठीचा भाग काढून किरणोपचार देण्यात आले. वीस वर्षांच्या पाहणीचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. दोन्ही गटांतील मृत्यूचे प्रमाण जवळजवळ सारखेच होते. मात्र त्याच जागी रोग उलटण्याचे प्रमाण पहिल्या गटात शेकडा सुमारे २, तर दुसऱ्या गटात शेकडा सुमारे ९ होते.

डॉक्टरांच्या मते दोन्ही मार्ग योग्य असतील, तेव्हा निवड केवळ वैद्यकीय राहत नाही. स्तन राखावयाचा तर किरणोपचारासाठी काही आठवडे शहरात मुक्काम करावा लागतो. मजुरी बुडते, घरी मुलांची सोय लावावी लागते. स्तन गमावण्याचे दुःखही लहान नसते. यांतील काय सोसावयाचे, हे त्या स्त्रीनेच ठरवावयाचे असते.

पत्रक कसे असावे

धोका ‘जवळजवळ चौपट’ असे लिहिले, तर ते खोटे नव्हे. पण त्याने भय तेवढे वाढते. ‘शंभर जणींपैकी नऊ जणींना गाठ तेथेच पुन्हा आली, एक्क्याण्णव जणींना आली नाही’ असे लिहिल्यास खरी स्थिती कळते. निरक्षरांसाठी शंभर आकृत्या काढून त्यांपैकी नऊ रंगवाव्यात. दोन्ही पर्याय शेजारी शेजारी, त्याच प्रश्नांच्या क्रमाने मांडावेत. एकाचे गुण व दुसऱ्याचे दोष असा पक्षपात नसावा. शेवटी डॉक्टरांना विचारावयाच्या प्रश्नांसाठी कोरी जागा ठेवावी.

छपाईपूर्वी मसुदा गावातील काही स्त्रीपुरुषांना वाचून दाखवावा व समजलेला अर्थ त्यांच्याच शब्दांत सांगण्यास सांगावे. सांगता आला नाही, तर दोष ऐकणाऱ्याचा नव्हे, मसुद्याचा समजावा. या कामी शिक्षक, पंचायत सदस्य व आरोग्य कर्मचारी यांचे साहाय्य मोलाचे ठरेल. पत्रक डॉक्टरांची जागा घेऊ शकत नाही. परंतु डॉक्टरांसमोर बसलेल्या रुग्णास प्रश्न विचारण्याचे बळ ते निश्चित देऊ शकते.