शनिवारच्या फौजा

फुटबॉलचा सामना पाहून परतताना बेदम मार खाल्लेल्या माणसाजवळ एक छापील व्हिजिटिंग कार्ड सापडावे आणि त्यावर चक्क त्याचे अभिनंदन केलेले असावे, ही कल्पनाही आपल्याला करवत नाही. पण १९८०च्या दशकात इंग्लंडमध्ये अशी कार्डे वाटली जात होती. आपली गाठ ‘आयसीएफ’शी, म्हणजे ‘इंटर सिटी फर्म’शी पडली होती, हे त्या बिचाऱ्याला कार्डावरून कळे. ही फर्म म्हणजे पूर्व लंडनच्या वेस्ट हॅम क्लबमागची टोळी. प्रेक्षकांसाठी सोडलेल्या खास गाड्यांवर पोलिसांचा पहारा असे, म्हणून ही मंडळी चांगले कपडे घालून नेहमीच्या इंटर सिटी गाडीने जात. लीड्सच्या टोळीनेही अशाच रोजच्या ‘सर्व्हिस’ गाड्यांवरून ‘सर्व्हिस क्रू’ हे नाव घेतले. चेल्सीचे ‘हेडहंटर्स’, मिलवॉलचे ‘बुशव्हॅकर्स’, बर्मिंगहॅमचे ‘झुलू’ अशा या शनिवारच्या फौजा होत्या.

हुल्लडबाजी तिथे नवी नव्हती. ‘हूलिगन’ हा शब्दच लंडनच्या वृत्तपत्रांनी १८९८च्या उन्हाळ्यात रूढ केला. नवे होते ते संघटन. १९६०च्या दशकात तरुण पोरे गोलपोस्टमागच्या उभ्या राहण्याच्या जागांवर एकत्र जमू लागली. ती जागा आपली, तिथे परगावच्याने पाऊल टाकायचे नाही, हा नियम झाला. मग रेल्वेने परगावी जाऊन त्यांची जागा ‘जिंकणे’ हा खेळ सुरू झाला. १९७४ मध्ये मँचेस्टर युनायटेड दुसऱ्या विभागात घसरला आणि त्या मोसमात त्याच्या पाठीराख्यांच्या लाल झुंडीने लहान लहान गावांत धुडगूस घातला. मैदानांभोवती लोखंडी जाळ्या उभ्या राहू लागल्या त्या याच काळात.

ही पोरे होती तरी कोण? बेकारीने पिचलेले, शिक्षण सुटलेले, असे सोपे उत्तर तेव्हा सगळेच देत. त्यात तथ्य नव्हते असे नाही. बहुतेक जण कामगार वस्त्यांतलेच होते. पण पुष्कळांना नोकरी होती, आणि अंगावर लाकोस्टे, फिला, सर्जिओ ताकिनी यांचे महागडे शर्ट असत. १९८९ मध्ये बीबीसीने दाखवलेल्या ‘द फर्म’ या चित्रपटात गॅरी ऑल्डमनने रंगवलेला टोळीनायक तर घरांच्या खरेदी-विक्रीचा दलाल आहे. बायको आणि तान्हे मूल असलेला चारचौघांसारखा गृहस्थ! बिल ब्युफर्ड हा अमेरिकन संपादक या टोळ्यांबरोबर हिंडला आणि त्याने त्यावर पुस्तक लिहिले. जमाव कायद्याची रेषा ओलांडतो त्या क्षणी एक नशा चढते आणि ती आपल्यालाही चढली, असे त्याने कबूल केले आहे. मला वाटते, समाजशास्त्राच्या जाडजूड अहवालांपेक्षा ही कबुली अधिक काही सांगून जाते.

१९८५ साली सगळे टोकाला गेले. मार्चमध्ये ल्युटनच्या मैदानावर मिलवॉलच्या जमावाने खुर्च्या उखडून पोलिसांवर फेकल्या. चेल्सीचे अध्यक्ष केन बेट्स यांनी मैदानाभोवती विजेची तारच बसवली! महापालिकेने हरकत घेतली म्हणून ती कधी चालू झाली नाही, एवढेच. आणि २९ मे रोजी ब्रुसेल्सच्या हेसेल मैदानावर लिव्हरपूल आणि युव्हेंटस यांच्या युरोपियन चषकाच्या अंतिम सामन्याआधी लिव्हरपूलच्या झुंडीने शेजारच्या प्रेक्षकांवर चाल केली. मागे हटणारे लोक भिंतीशी चेंगरले, भिंत कोसळली. ३९ जण मेले, त्यांतले ३२ इटालियन. प्रेते बाहेर काढली गेली आणि सामना तरीही खेळवला गेला. इंग्लिश क्लबांना युरोपात पाच वर्षे बंदी झाली, लिव्हरपूलला आणखी एक वर्ष.

आता कोणत्याही फुटबॉलप्रेमीकडे गुंड म्हणूनच पाहिले जाऊ लागले. या नजरेची किंमत मोजली ती भलत्यांनीच. १५ एप्रिल १९८९. शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर एफए चषकाचा उपांत्य सामना, लिव्हरपूल विरुद्ध नॉटिंगहॅम फॉरेस्ट. प्रवेशद्वाराबाहेरची गर्दी आवरेना म्हणून पोलिसांनी एक मोठे फाटक उघडले. लोंढा सरळ बोगद्यातून आधीच भरलेल्या मधल्या दोन कोंडवाड्यांत शिरला. कोंडवाडेच ते, समोर जाळी, दोन्ही बाजूंना जाळी. पुढचे लोक जाळीवर चेंगरत होते, कोणी वर चढून बाहेर पडू पाहत होते, आणि सुरुवातीला काही पोलिसांना तो मैदानावरचा हल्ला वाटला. सामना तीन वाजून सहा मिनिटांनी थांबला. बळींची संख्या अखेर ९७ झाली. शेवटचा बळी त्या दिवशीच्या दुखापतींमुळे २०२१ मध्ये गेला. सर्वांत लहान बळी दहा वर्षांचा मुलगा होता.

चारच दिवसांनी ‘द सन’ने पहिल्या पानावर लिहिले की दारूड्या प्रेक्षकांनी मृतांचे खिसे कापले. सगळे खोटे. पोलिसांचे नियंत्रण सुटले हेच मुख्य कारण, असे न्यायमूर्ती टेलर यांनी त्याच वर्षी नोंदवले होते. तरी प्रेक्षकांचा काही दोष नव्हता आणि मृत्यू बेकायदा ठरतात, हे ज्यूरीकडून ऐकायला आईबापांना २०१६ पर्यंत थांबावे लागले. लिव्हरपूलमध्ये आजही कित्येक दुकानदार ते वृत्तपत्र ठेवत नाहीत.

टोळ्या मोडल्या त्या यानंतरच्या दहा-बारा वर्षांत. टेलर यांच्या शिफारशीवरून वरच्या दोन विभागांत सगळीकडे खुर्च्या आल्या, जाळ्या निघाल्या. क्रमांकाची खुर्ची आणि डोक्यावर कॅमेरा असला की झुंडीत लपता येत नाही. १९९१च्या कायद्याने मैदानात घुसणे हा गुन्हा ठरला. २००० मध्ये युरो स्पर्धेत शार्लरुआ आणि ब्रुसेल्स इथे पुन्हा तमाशा झाल्यावर बंदी असलेल्यांचे पासपोर्ट मोठ्या सामन्यांआधी जमा करून घेण्याची तरतूद आली. जुने टोळीवाले स्वतः मात्र दुसरेच सांगतात: १९८८च्या सुमारास नाचगाण्याच्या रात्री आणि नव्या गोळ्या आल्या, आणि शत्रू एकमेकांच्या गळ्यात पडू लागले. यातले बरेच जण पुढे आठवणींची पुस्तके लिहून बसले. ती खपतातही.

एक गोष्ट मात्र खटकते. १९९२ मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली, टीव्हीचा पैसा आला आणि तिकिटे महागली. गुंडांबरोबर गोदीतला, कारखान्यातला साधा माणूसही आपल्या जागेवरून हळूहळू हलला. आपल्याकडची मुले आज शनिवारी-रविवारी रात्री जागून जी झगमगती मैदाने पाहतात, ती अशी रिकामी करून पुन्हा भरलेली आहेत. दंगा संपला असेही नाही. जुलै २०२१ मध्ये युरोच्या अंतिम सामन्याला वेम्बलीत विनातिकीट लोक दारे मोडून घुसलेच. तरीही २०२२-२३च्या मोसमापासून ठरावीक भागात उभे राहून सामना पाहण्याची परवानगी पुन्हा मिळाली आहे. प्रत्येक रांगेपुढे कमरेएवढा कठडा असतो आणि एका जागी एकच प्रेक्षक उभा राहतो.